पालथं करून बघ



माझी नात तिसरीत आहे. पहिल्या चाचणीनंतर शाळेतून 'गणितात कच्ची' असा शेरा आला. मी बी.कॉम. झालेली आजी, रोज संध्याकाळी तिला हिशेबाला बसवू लागले. चुकली की तोंडून निघायचं, "एवढंही येत नाही?" शेवटी वही दिसली की पोर दुसऱ्या खोलीत पळू लागली.

मग सूनबाईने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टँग्रॅम केला. हा चिनी खेळ. एका चौरसाचे सात तुकडे : दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन. सातही तुकडे वापरायचे, एकावर एक ठेवायचे नाहीत, आणि चित्र जमवायचं.

मी विचारलं, "मधला त्रिकोण मोठा की चौरस?" ती म्हणाली, "त्रिकोण!" मग तिनेच दोन लहान त्रिकोण आधी त्रिकोणावर बसवले, मग चौरसावर, मग समांतरभुज चौकोनावर. तिन्ही पूर्ण झाकले! आपण पाठशाळेत शिकतो ना, सोनं तेच, कधी बांगडी, कधी हार. पर्याय बदलतात, द्रव्य तेच राहतं. तेच मला आठवलं.

पुढे आम्ही ताळा केला. लहान त्रिकोण 1 धरला तर मधला, चौरस आणि समांतरभुज चौकोन प्रत्येकी 2, मोठे प्रत्येकी 4. बेरीज 16. म्हणजे मोठा त्रिकोण पूर्ण चौरसाचा पाव भाग. 'अपूर्णांक' हा शब्द न उच्चारता तिला पाव आणि अर्धा कळला.

एकदा हंस जमवताना मी अडले. समांतरभुज चौकोन कितीही फिरवला तरी शेपटीत बसेना. पंधरा मिनिटं गेली. ती हळूच म्हणाली, "आजी, पालथं करून बघ." बसला! सात तुकड्यांत हा एकच असा, की पालथा केल्यावर त्याची दिशा बदलते. बाकीचे नुसते फिरवले तरी चालतात. पंधरा मिनिटं मी चुकत होते, पण ती एकदाही म्हणाली नाही, "एवढंही येत नाही?"

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी आली. दरवर्षी मी जावा-नणंदांना, शेजाऱ्यांना क्षमा मागते. घरातल्या लहानग्यांना कधी मागितली नव्हती. यंदा पहिली तिला मागितली. ती म्हणाली, "बरं. आता हत्ती करूया?"

तुम्हीही घरी करून बघा. 16 सेंटीमीटरचा चौरस लहान हातांना पुरतो. फक्त पत्रिकेचा पुठ्ठा घेऊ नका, त्यावर भगवंतांचं नाव असतं. आणि मूल अडलं तर लगेच हात पुढे करू नका. आपली उत्तराची घाई आवरणं, हाही एक संयमच.