परत पाठवलेल्या मुली

नाशिक,
७ सप्टेंबर

चि. मनूस,


राष्ट्रीय सेवा योजनेचं काम तुझ्याकडे आलं, हे वहिनीनं फोनवर सांगितलं. आरोग्य सप्ताहही तुझ्याच गळ्यात पडलाय आणि तू वक्ते शोधते आहेस, असंही म्हणाली. आहारावर एक व्याख्यान, ताणतणावावर एक, सकाळी योगासनं, भित्तिपत्रकांची स्पर्धा आणि शेवटच्या दिवशी रक्तदान शिबिर. कॉलेजांत हा क्रम ठरून गेलेला आहे. माझं ऐकशील तर वक्ते थोडे दिवस राहू देत, आधी त्या शिबिराकडे बघ. मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल काही खरं शिकवण्याची संधी त्या एका सकाळी आपल्यासमोर चालत येते, आणि बहुतेक ठिकाणी आपण ती तशीच जाऊ देतो.

रक्तपेढीत नोकरी केली तेवढी वर्षं मी अशा शिबिरांना जात राहिले. हॉलमध्ये खाटा मांडलेल्या, दाराशी फॉर्म भरायचं टेबल, पुढे वजनकाटा, आणि त्याच्या पुढे ते निळं पाणी. मोरचुदाचं द्रावण. मुलीच्या बोटाला सुई टोचायची, रक्त बारीक नळीत घ्यायचं आणि एक थेंब सेंटिमीटरभर उंचीवरून त्या पाण्यात सोडायचा. द्रावणाची घनता अशी राखलेली असते की हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब पंधरा सेकंदांच्या आत सरळ तळाशी जातो. कमी असेल तर मध्येच अडतो, घुटमळतो, वर येऊ लागतो. टेक्निशियनला ते बघायची सवय असते. तो म्हणतो, “एचबी कमी आहे, तुमचं नाही घेता येणार,” आणि पुढचं नाव पुकारतो.

ती मुलगी बोटावर कापूस दाबून तिथेच उभी राहते. मैत्रिणी आत खाटेवर झोपलेल्या, त्यांना बिस्किटं, कॉफी, प्रमाणपत्र मिळणार. ही बाहेर जाते आणि विचारणाऱ्याला सांगते, “मला रिजेक्ट केलं.” म्हणजे काय झालं, कशामुळे झालं, आता काय करायचं, यातलं काहीही तिला कोणी सांगत नाही. शिबिराच्या अहवालात किती पिशव्या जमल्या ते येतं. किती मुलींना परत पाठवलं, हे मी एकाही अहवालात वाचलेलं नाही. मनू, तुझं काम त्या मुलींपासून सुरू व्हावं, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

त्या किती असतील याचा अंदाज तुला असू दे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. पुरुषांमध्येही देशात चारांत एक. तेव्हा हे फक्त मुलींचं दुखणं समजू नकोस. मात्र मुलींच्या रांगेत ते जास्त दिसणार. त्यातल्या काही तर वजनकाट्यावरूनच परत जातात, कारण रक्त द्यायला वजन निदान ४५ किलो लागतं.

एक भेद मात्र तुझ्या मुलांना नीट समजावून सांग. साडेबारा हा रक्तदानाचा आकडा आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीला रक्तक्षय आहे असं आपण बारा ग्रॅमच्या खाली गेल्यावर म्हणतो, पुरुषाला तेराच्या खाली. त्यामुळे सव्वाबारा असलेली मुलगी परत जाते, पण आजारी नसते. आठ असलेलीही परत जाते, आणि तिला तातडीनं उपचार हवे असतात. निळं पाणी दोघींना एकच उत्तर देतं. आकडा कळायचा तर रक्ताची पूर्ण तपासणी, सीबीसी, करायला हवी. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना आधी भेटून ये, शिबिरानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ तुझ्या मुलींसाठी मागून घे. सेवेचे तास भरायचेच आहेत ना तुझ्या स्वयंसेवकांना? वर्षाला १२० तास. त्यातले काही या मुलींबरोबर रुग्णालयात जाण्यात जाऊ देत.

शिबिराच्या दिवशी हॉलशेजारची एक खोली अडवून ठेव. दार लागेल अशी. तिथे एक परिचारिका किंवा डॉक्टर, आणि तू. परत पाठवलेली प्रत्येक मुलगी तिथे यावी, तिला आधी पाणी आणि खायला द्यावं. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर तिलाही द्या. ती रक्त द्यायला आली होती. मग गप्पा मारल्यासारखे तीन-चार प्रश्न विचार. सकाळी काय खाल्लंस? खेड्यावरून सहाची एसटी पकडून येणाऱ्या मुली अकरापर्यंत नुसत्या चहावर असतात, हे तुला लगेच कळेल. डब्यात काय असतं? जेवणावर लगेच चहा घेतेस का? चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. चहा सोडायला सांगू नकोस, जेवणानंतर तासभर पुढे ढकलायला सांग, तेवढं त्या ऐकतात. मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाजी, अळिवाचे लाडू, आणि त्याबरोबर लिंबू किंवा आवळा, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी मटण-मासे खावेत, त्यातलं लोह अधिक सहज शोषलं जातं. बीट खाल्लं की रक्त वाढतं हा समज घरोघरी आहे, पण बिटाचा लाल रंग लोहाचा नव्हे आणि त्यात लोहही थोडंच असतं. अर्थात आठ-नऊ हिमोग्लोबिन नुसत्या खाण्यानं भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. आणि गोळ्या सुरू करताना मुलींना एक गोष्ट आधीच सांगायची असते, ती सहसा कोणी सांगत नाही: शौचाला काळी होईल. ते बघून मुली घाबरतात आणि आठवड्यात गोळ्या बंद करतात. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यायची. आणि आकडा बारावर आला की थांबायचं नाही. शरीरातला साठा भरायला त्यापुढेही साधारण तीन महिने जातात.

चौथा प्रश्न पाळीचा, आणि खरी गाठ तिथेच आहे. किती दिवस जाते? किती पॅड लागतात? गाठी पडतात का? आठवडा उलटला तरी थांबत नाही, दर तासा-दोन तासाला पॅड भिजतं, असं सांगणारी मुलगी समोर बसलेली असते आणि तिला वाटत असतं की सगळ्यांचं असंच असतं. आईचंही असंच होतं, मावशीचंही. अशा मुलीला पालेभाजीवर व्याख्यान देऊन काय उपयोग? तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायला हवं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. तेव्हा मी तरुण डॉक्टर होते, ते आकडे वाचून सुन्न झाले होते. इतकी दुखणी, आणि तोंडातून शब्द नाही. राणीताईंनी पुढे मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली ती याच अनुभवातून. जमलं तर त्यांचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात मागव.

तू नंदुरबारकडे आहेस म्हणून आणखी एक महत्त्वाचं. तुझ्या वर्गात भिल्ल आणि पावरा समाजाची मुलंमुली बरीच असतील. तिथे रक्त कमी दिसलं की सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय लोहाच्या गोळ्यांवर भागवू नये. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त सहसा लोहाअभावी कमी झालेलं नसतं. त्याच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर फुटतात. त्याला फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी आणि नियमित डॉक्टरी देखरेख लागते. गरज नसताना दिलेलं लोह अंगात साठत जातं. नुसता वाहक असलेला माणूस मात्र धडधाकट असतो, हे मुलांच्या मनावर ठसव. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते, हे त्यांना लग्नाआधी कळायला हवं, आणि कळण्याचं वय तुझ्या वर्गातलंच आहे. पण इथे जिभेवर ताबा हवा. तपासणीची यादी नोटीस बोर्डावर लावायची नाही, नाव पुकारायचं नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही. अशा एका यादीमुळे मुलीचं जमलेलं लग्न मोडतं. चिठ्ठी ज्याची त्याच्याच हातात द्यायची.

हिवाळी शिबिर सात दिवसांचं असतं, तिथे संध्याकाळ मोकळी मिळते. एक बंद डबा ठेव आणि नाव न लिहिता प्रश्न टाकायला सांग. पहिल्या दिवशी दोन-तीन चिठ्ठ्या येतील, तिसऱ्या दिवशी डबा भरेल. मुलांच्या चिठ्ठ्या ठरलेल्या असतात: हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो का, धातू जातो तो कसा थांबवायचा. एसटी स्टँडच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्या वाचून ही पोरं भोंदूंकडे पैसे घालतात, कर्ज काढून घालतात. त्यांना एकदा स्पष्ट शब्दांत सांग की यात आजार काहीच नाही. तुला सांगायला संकोच वाटला तर डॉक्टरला बोलाव, पण प्रश्न वगळू नकोस. वगळलेला प्रश्न मुलं बरोबर ओळखतात.

संकोच वाटेल तेव्हा र. धों. कर्व्यांना आठव. तेही कॉलेजातलेच प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं, पुढे या कामापायी नोकरी सोडावी लागली. १९२७पासून थेट १९५३ साली जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत राहिले, पदराला खार लावून. खटले झाले, १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरुणांना शरीराची माहिती मिळण्याचा हक्क आहे, एवढंच ते सांगत होते. तुला प्राचार्य फार तर कपाळाला आठ्या घालतील.

सप्ताहाचं पहिलं भित्तिपत्रक लागण्याआधी मुलींच्या संडासाला कडी लागते का, ते स्वतः जाऊन बघ. बादलीत पाणी आहे का, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, तेही. ज्या कॉलेजात हे नसतं तिथल्या मुली घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, आणि पाळीच्या दिवसांत गैरहजेरी. ‘दिवसभर भरपूर पाणी प्या’ असं लिहिलेला फलक त्या मुलींच्या डोळ्यांसमोर लावणं मला अन्याय वाटतो. कडीला खर्च कितीसा? निधी मिळत नसेल तर दादाकडून घे, मी सांगते त्याला.

मनाच्या आजारांबद्दल व्याख्यान ठेवशील तर ठेव, पण तुझ्यापुरतं एवढं लक्षात असू दे. एखादा मुलगा वर्गात गप्प झाला, जेवेनासा झाला, वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचार: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं असा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. असलेला मात्र बाहेर पडतो. त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरला गाठायचं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो प्रत्येक ओळखपत्राच्या मागे छापून घे.

शिबिर १ ऑक्टोबरला ठेवणार असशील तर हातात तीनच आठवडे आहेत. रक्तपेढीला उद्याच फोन कर आणि दोन गोष्टी ठरवून घे: उपाशीपोटी आलेल्याचं रक्त घ्यायचं नाही, आणि ज्यांचं घेता येणार नाही त्यांना नाव न पुकारता तुझ्या खोलीकडे पाठवायचं. गोळ्या सुरू झालेल्या मुलींची वही तुझ्याजवळ ठेव, कपाटाला कुलूप लावून. जानेवारीत त्यांची पुन्हा तपासणी करायची, त्याची तारीख रुग्णालयाकडून आत्ताच घेऊन ठेव, नंतर परीक्षा येतात आणि राहून जातं. मला तारखा कळव, दोन्ही वेळा मी येईन. खोलीत बसायला कोणी डॉक्टर मिळाली नाही तर मी बसेन.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. तू स्वतः शेवटची सीबीसी कधी केलीस, तेही पत्रात लिही.

तुझी,
आत्या