नाकाडोंगरीची जुनी बेस गिटार

तुमसरहून गोबरवाहीमार्गे उत्तरेकडे निघाले की धानाची शेते हळूहळू मागे पडतात आणि सातपुड्याच्या टेकड्या, जंगल सुरू होते. मध्य प्रदेशची हद्द जवळ येते, तिथे नाकाडोंगरी. याच भागात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. तिथले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरतात. वर्गात जुना सेल उघडून दाखवताना जी काळी पूड दिसते, ती याच जातीची.

आम्ही तिथे गेलो ते जुनी बेस गिटार पाहायला. एका गृहस्थांचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. भाच्याने धान कापणीच्या मजुरीतून आठ हजार रुपये साठवले होते. वाद्यांबद्दल आपल्या घरांत मतभेद असतात, तसे आमच्याकडेही झाले. पण घामाचे पैसे वाया जाऊ नयेत, यावर सर्वांचे एकमत होते.

बेस म्हणजे बहुधा चार जाड तारांची, खर्जाचे सूर देणारी गिटार. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ आणला, तेव्हापासून तिचा प्रसार झाला.

स्पीकरला जोडण्याआधी आम्ही तिची मान एका टोकाकडून, एक डोळा मिटून पाहिली. मग तार पहिल्या पडद्यावर आणि मान धडाला मिळते तिथे, अशी दोन ठिकाणी दाबली. मधल्या सातव्या-आठव्या पडद्याजवळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर तारांच्या ताणाने मान वाकली आहे असे समजावे. हा बाक मानेतल्या लोखंडी सळईचा नट फिरवून काढता येतो. पीळ पडलेली मान मात्र घेऊच नये. मोकळ्या तारेचा सूर बाराव्या पडद्यावर बरोबर एक सप्तक वर यायला हवा. प्रत्येक पडदा वाजवून खरखर ऐकावी. बटणे फिरवताना येणारा कडकड आवाज बहुतेक वेळा धुळीचा असतो, तो साफ होतो. काही बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती गळली आहे का, हे झाकण उघडून पाहावे.

सगळे ठीक वाटले. भाच्याने खिशात हात घातला, तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, “थांबा सर. सळईचा नट जाम झाला आहे. आज मान सरळ आहे, पावसाळ्यात लाकूड फुगलं तर काही करता येणार नाही. हवं तर दोन हजार कमी द्या.”

ऐब सांगून माल विकावा, असे आपण मुलांना शिकवतो. इथे गरजू माणसाने गिऱ्हाईक हातचे जाईल हे ठाऊक असूनही तसे केले. आमच्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा लक्षात घेऊन आम्ही गिटार घेतली नाही. त्यांनी वाईट वाटून घेतले नाही. चहा पाजूनच निरोप दिला.

परतताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने वही काढून लिहिले : पुढच्या वेळी नट फिरवायची चावी सोबत न्यायची आणि मालकाला विचारून आधी तोच तपासायचा.