आवाजाची वांटणी

वांटणी हा शब्द उच्चारला कीं घरांतलीं माणसें थोडीं सावध होतात. शेताची, वाड्याची, दागिन्यांची वांटणी करतांना समान भाग म्हणजेच न्याय असें आपण मानतों, आणि हीच संवय पैशाच्या इतर व्यवहारांतहि घेऊन जातों. पण दोन भावांमध्यें जो न्याय, तोच दोन यंत्रांमध्यें न्याय ठरेल असें नाहीं. घरीं गाणें ऐकण्यासाठीं बाजूस काढलेल्या रकमेंतून स्पीकरवर किती आणि अँप्लिफायरवर किती खर्च करावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण मध्यमवर्गीय घरांत अशी रक्कम वारंवार जमत नाहीं, आणि चुकलेली वांटणी पुढें वर्षानुवर्षें रोज कानांवर पडत राहते.

माझ्या पुतण्यानें या कामासाठीं ६० हजार रुपये ठेवले, ते स्वतःच्या हौसेसाठीं नव्हेत. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधु, पुण्यांत राहतात. १९५३ सालीं सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला त्यांनीं कितीतरी वर्षें हजेरी लावली. आतां गुडघे तिथें बसूं देत नाहींत, आणि कान मोठा आवाज सोसूं देत नाहींत. दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब अशा खोलींत, शेजाऱ्यांना उपद्रव न होतां, हलक्या आवाजांत तंबोऱ्याची जोड स्वच्छ ऐकूं यावी, एवढीच त्यांची इच्छा. पुतण्यानें कागदावर ३० आणि ३० असे दोन आंकडे मांडले होते. शिवाय अँप्लिफायर १०० वॅटचाच हवा, असा त्याचा आग्रह होता.

वॅट हा शब्द मोठा फसवा आहे. ५० वॅटचे १०० वॅट केले तर आवाज वाढतो तो अवघा ३ डेसिबल. कानाला तो ‘जरासा वाढला’ इतकेंच वाटतें. तो दुप्पट वाटावयास शक्ति सुमारें दसपट लागते. उलट स्पीकरच्या निवडीनें हा हिशेब एकदम पालटतो. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८४ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरला जिथें ४० वॅट लागतील, तिथें ९० डेसिबल देणारा स्पीकर १० वॅटांत काम भागवितो. बंधूंच्या खोलींत साध्या आवाजाला सरासरीनें एक वॅटहि लागत नाहीं. तबल्यावर जोरकस थाप पडली तर क्षणभर वीस-तीस. बाकीचे वॅट लग्नकार्यासाठीं घेऊन ठेवलेल्या मोठ्या पातेल्यांसारखे माळ्यावर पडून राहावयाचे.

अँप्लिफायरचें काम विजेचें: सूक्ष्म लहरी मोठ्या करावयाच्या आणि त्यांत पदरची भर घालावयाची नाहीं. ही विद्या आतां इतकी पुढें गेली आहे कीं, बेताच्या किंमतीच्या चांगल्या अँप्लिफायरची विकृति शेंकडा ०.०१ च्या आसपास असूं शकते. स्पीकरला मात्र प्रत्यक्ष हवा हलवावी लागते. चुंबकांत बसविलेल्या तारेच्या वेटोळ्यानें शंकूला ढकलावें, ही चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं पुढें मांडलेली रचना आजहि बहुतेक स्पीकरांत कायम आहे. आणि मोठ्या आवाजांत, खर्जाच्या स्वरांवर, तिची विकृति शेंकडा एक-दोन किंवा त्याहूनहि अधिक भरते. विजेचें काम स्वस्त झालें. हवा हलविण्याचे कष्ट स्वस्त झाले नाहींत.

शिवाय लहान पेटी, खोल खर्ज आणि थोडी शक्ति हीं तीन सुखें एकत्र मिळत नाहींत; कोणतींहि दोन घेऊन तिसरें सोडावें लागतें. १९४० च्या दशकांत पॉल क्लिप्श यांनीं खोलीचा कोपरा व्यापणारा कर्ण्याचा स्पीकर केला. त्याला घरापुरते दोन-चार वॅट पुरत. १९५४ सालीं एडगर विल्चर यांनीं लहानशा हवाबंद पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. पण त्याला शक्ति पुष्कळ लागे. म्हणजे अँप्लिफायर केवढा हवा हें स्पीकर ठरवितो, आणि स्पीकर कोणता हवा हें खोली ठरविते.

१९७० च्या दशकांत ग्लासगोच्या आयव्हर टीफेनब्रन यांनीं निराळाच पक्ष मांडला. तबकडीवरून जें उचललेंच गेलें नाहीं तें पुढचें कोणतेंहि यंत्र परत आणूं शकत नाहीं, सबब पैसा आधीं तबकडी वाजविणाऱ्या यंत्रावर खर्चावा, असें त्यांचें म्हणणें. तें तेव्हां खोटें नव्हतें, कारण सुई हीहि हलणारीच वस्तु. आज संगीत आंकड्यांच्या रूपानें साध्या फोनमधून येतें. तिथें हलणारें कांहीं उरलेलें नाहीं. तेव्हां जिथें वस्तूला हलावें लागतें तिथें पैसा, हें सूत्र धरलें तर तेंहि आज स्पीकरकडेच बोट दाखवितें.

दुकानांत आम्हीं बंधूंच्या परिचयाचें एक ध्वनिमुद्रण नेलें. अँप्लिफायर तोच ठेवून स्पीकरच्या तीन जोड्या बदलल्या, तेव्हां प्रत्येक वेळीं तंबोरा निराळ्या घरचा वाटला. मग एक जोडी कायम ठेवून, आवाज समान राखून, अँप्लिफायर बदलला. डोळे मिटून बसलेल्या बंधूंनीं थोड्या वेळानें विचारलें, “अरे, बदललास का?” त्या प्रश्नानें ४२ आणि १८ हे आंकडे ठरले.

याचा अर्थ अँप्लिफायरला उपाशी ठेवावें असा नव्हे. कांहीं स्पीकरांचा विद्युत्-रोध ३-४ ओहमपर्यंत उतरतो. तिथें दुबळा अँप्लिफायर धापा टाकतो, आणि त्याच्यावर जबरदस्ती केली तर वरच्या स्वरांचा नाजूक स्पीकर जळूंहि शकतो. म्हणून स्पीकर निवडून झाल्यावर त्याची भूक विचारावी आणि तेवढें पोटभर द्यावें. आणि स्पीकर भिंतीपासून फूट-दीडफूट पुढें ओढून पाहावा. खर्जाचा फुगवटा पुष्कळदां त्यानेंच ओसरतो, आणि त्याला दमडीहि पडत नाहीं.

मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर भोपळा पारखून घेतात. तारेवांचून तंबोरा नाहीं हें खरें. परंतु नुसत्या तारेचा स्वर हातभर अंतरावरहि क्षीण होतो. त्याला अंग देतो तो भोपळा आणि तें लाकूड. दोघांना सारखें देणें सोपें असतें, आणि त्यांत देणाऱ्याचें मनहि निर्धास्त राहतें. पण ज्याच्या वांट्याला कष्ट अधिक, त्याच्या पदरीं अधिक घालावें, यालाच मी वांटणींतला न्याय म्हणतों.