विजेची पेटी

संगीत हा आमचा विषय नव्हे. शब्दरूपें आणि समास यांतच आमचीं पस्तीस वर्षें गेलीं. तथापि गतवर्षीं विजयादशमीस नातीसाठीं विजेवर चालणारी पेटी, जिला हल्लींचीं मुलें 'कीबोर्ड' म्हणतात, ती आणावयाचें आम्हीं मनावर घेतलें, आणि अशा कामीं जो मूर्खपणा व्हावयाचा तो यथासांग केला.

दुकानदार म्हणाला, "हिच्यांत तीनशें आवाज आहेत." संख्या ऐकून आम्ही भुललों. दोन दिवस मुलांनीं तिच्यांतून कुत्रे भुंकविले. तिसऱ्या दिवशीं नातीला गाणें शिकविणाऱ्या बाई आल्या, त्यांनीं हळूच विचारलें, "मास्तर, हें खेळावयास आणलें का?" पट्ट्या अवघ्या ३७, त्याही अरुंद. अशा पट्ट्यांवर बसलेलीं बोटें पुढें पूर्ण मापाच्या पट्ट्यांवर अडखळतात. शिवाय पट्टी हळू दाबा कीं जोरानें, आवाज एकाच मापाचा!

मग आम्ही या वयांत विद्यार्थी झालों. पेटीची योग्यता तिच्यांतील आवाजांच्या संख्येवरून ठरत नाहीं, ही पहिली गोष्ट कळली. ६१ पट्ट्या म्हणजे पांच सप्तकें आणि वर एक षड्ज. गाणाऱ्यास तेवढें विपुल झालें. पियानोच्या ८८ पट्ट्या आणि दाबतांना जडपणा देणारी त्यांची रचना, हें पाश्चात्त्य वादन शिकणाऱ्यासाठीं. पट्टीवरील दाबाप्रमाणें आवाज लहानमोठा होणें मात्र सर्वांसच अवश्य. एका वेळीं किती स्वर उमटूं शकतात हेंही विचारावें. ती संख्या तोकडी असेल तर भरगच्च साथ चालू असतां आधींचे स्वर मध्येंच तुटतात. एक कळ दाबून काळी चारची पांढरी एक करतां येते, ही सोय बाईंना फारशी रुचत नाहीं. बोटें आळशी होतात, असें त्यांचें म्हणणें, आणि आम्हांस तें पटतें.

आमचें मन अधिक रमलें तें गांधारांत. षड्जाशीं ५:४ या प्रमाणाचा शुद्ध गांधार तंबोऱ्याच्या नादांत आपोआप ऐकूं येतो. पेटींत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले. दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतर १०० मानलें तर तिचा गांधार त्याहून सुमारें १४ अंशांनीं चढा पडतो. अचल स्वर आणि मींड नाहीं, अशा आक्षेपांमुळेंच १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत बंदच होतें. आमचे तीर्थरूप स्वतः पेटी वाजवीत. त्या बंदीचा विषय निघाला कीं ते जेवणावरून उठत. असो. विजेच्या कांहीं पेट्यांत एकेक स्वर वेगळा जुळवितां येतो आणि स्वर वाकविण्याचें चाकही असतें. ही सोय आहे कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं विचारावें; आम्हीं प्रथम तें विचारलें नव्हतें.

दुसऱ्या दुकानीं आम्ही नातीस आणि सूनबाईस घेऊन गेलों. "कोणी वाजवून पाहील का?" असें तेथील मुलानें म्हणतांच नात आईच्या पाठीशीं लपली. सूनबाईनें पिशवी खालीं ठेवली आणि ती दोन्ही हातांनीं वाजवूं लागली. आम्ही पाहतच राहिलों. ती विवाहापूर्वीं सात वर्षें शिकली होती आणि आमच्या घरीं येऊन तिला अकरा वर्षें झालीं होतीं! घरांत एकवीस माणसें. कोणाच्या पोटांत काय दुखतें हें आम्हांस पाठ, आणि हें ठाऊक नाहीं!

"अग, बोलली कां नाहींस?"

"आजोबांची पेटी माळ्यावर होती, बाबा. दर दिवाळीस ती पुसून ठेवीत होतें. खालीं काढा असें कसें म्हणणार?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढील निवड तिनेंच केली. ६१ पट्ट्यांची पेटी तिनें पसंत केली, प्रत्येक पट्टी दाबून पाहिली, आणि तीनशें आवाजांकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. एक वस्तु मात्र तिनें आपण होऊन मागितली: कानांवर लावावयाचीं श्रवणयंत्रें.

आतां रात्रीं सर्व निजानीज झाल्यावर माजघरांतून पट्ट्यांची नुसती टकटक ऐकूं येते. स्वर एकही नाहीं. तीर्थरूपांची पेटी आम्हीं परवां दुरुस्तीस दिली. भाता उंदरांनीं कुरतडला आहे, कारागिरानें पंधरा दिवस सांगितले आहेत.