झाकली मूठ सव्वा लाखाची

मी आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवतो. आयात शुल्क कशासाठी लावतात, याची उत्तरं आमच्या विषयात ठरलेली आहेत : सरकारी तिजोरी भरण्यासाठी, देशी कारखाने जगवण्यासाठी, नाहीतर समोरच्याच्या शुल्काला जशास तसं उत्तर म्हणून. ३० मे २०१९ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी यांत न बसणारं कारण पुढे केलं. सीमा ओलांडून येणारी माणसं मेक्सिकोने रोखली नाहीत, तर तिथून येणाऱ्या सगळ्या मालावर १० जूनपासून ५ टक्के शुल्क लागणार होतं आणि दर महिन्याला वाढत ते ऑक्टोबरमध्ये २५ टक्क्यांवर जाणार होतं. आधार होता १९७७च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा.

मेक्सिकोची सुमारे ८० टक्के निर्यात अमेरिकेत जाते. परराष्ट्रमंत्री मार्सेलो एब्रार्ड तातडीने वॉशिंग्टनला धावले. ७ जूनला समझोता झाला. ग्वाटेमालाच्या सीमेकडे नॅशनल गार्डचे ६,००० जवान पाठवायचे आणि आश्रय मागणाऱ्यांनी निकाल लागेपर्यंत मेक्सिकोतच थांबायचं, असं ठरलं. शुल्क लागलंच नाही. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर मे महिन्यात सुमारे १ लाख ३३ हजार जण पकडले गेले होते, सप्टेंबरमध्ये सुमारे ४० हजार. उन्हाळ्यात हा आकडा एरवीही उतरतो, पण एवढा नाही. धमकी फळली, हे मान्य करायलाच हवं.

मात्र ती फळली कारण मूठ झाकलेली होती. शुल्क प्रत्यक्षात लागलं की ते भरतो अमेरिकेतला आयातदार. सिउदाद हुआरेसमध्ये जोडलेलं वायर हार्नेस अमेरिकी मोटारीत बसतं, आणि काही सुटे भाग तर गाडी पूर्ण होईपर्यंत अनेकदा सीमेपलीकडे ये-जा करतात. दंड मेक्सिकोला करायचा आणि बिल डेट्रॉइटने भरायचं, असा हा प्रकार. शिवाय मेक्सिकोतले कारखाने बंद पडले, तर तिथले कामगार जाणार कुठे? उत्तरेलाच.

याच विचाराने कधीकाळी उलटी वाट धरली गेली होती. माणसं नव्हे, माल निर्यात करू, असं सांगत मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांनी अमेरिका आणि कॅनडासोबतचा नाफ्ता हा मुक्त व्यापार करार पुढे रेटला. १९९४ मध्ये तो लागू झाला. अनुदानावर पिकलेल्या अमेरिकी मक्यापुढे मेक्सिकोचा छोटा शेतकरी टिकला नाही, आणि नव्वदच्या दशकात स्थलांतर वाढलंच. व्यापार खुला करून माणसं थांबली नाहीत. तो बंद करण्याची भीती घालून ती कायमची थांबतील, असं मानायला आधार कमीच आहे.

आकडे तेच सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच सीमेवर सुमारे अडीच लाख जण पकडले गेले. वर्षभराने, डिसेंबर २०२४ मध्ये, हा आकडा सुमारे ४७ हजारांवर आला होता. मधल्या काळात मेक्सिकोने वाटेवरचा बंदोबस्त वाढवला होता आणि जूनमध्ये बायडन यांनी आश्रयाचे नियम आवळले होते. त्यासाठी आयात शुल्काची धमकी लागली नव्हती. २०२५ मध्ये घट आणखी झाली, ती मुख्यतः आश्रयाचं दार जवळपास बंद केल्याने.

तरी हत्यार पुन्हा निघालं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परत पाठवलेल्या नागरिकांची लष्करी विमानं कोलंबियाने नाकारली. २५ टक्के शुल्काची धमकी येताच गुस्ताव्हो पेत्रो यांचं सरकार त्याच दिवशी नमलं. मग पाळी मेक्सिको आणि कॅनडाची. मेक्सिकोने १०,००० जवान देऊ केले. कॅनडाने डिसेंबरमध्येच जाहीर केलेली १.३ अब्ज कॅनेडियन डॉलरची सीमा योजना पुन्हा पुढे केली. महिनाभराची मुदत मिळाली. ४ मार्चला शुल्क लागलं, आणि दोनच दिवसांत नाफ्ताच्या जागी आलेल्या त्रिपक्षीय कराराच्या नियमांत बसणारा माल त्यातून वगळावा लागला.

तो त्रिपक्षीय करार ट्रम्प यांनीच पहिल्या कारकिर्दीत घडवून आणलेला, तरी शुल्काची धमकी आलीच. माझ्या मते खरी किंमत इथे मोजली जाते. आज जवान देऊन सुटका झाली, तरी उद्या दुसऱ्या कारणासाठी तीच धमकी येणार, हे शेजाऱ्याला कळतं. मग तो मनापासून सीमा राखत नाही. पुढच्या धमकीसाठी एखादी सवलत हातची राखून ठेवतो.