हालेइवा : लाटांचं गाव

बालमित्रांनो, नकाशाची वही उघडा आणि पॅसिफिक महासागराचं पान काढा. सगळं पान निळंच निळं! त्या निळ्याच्या मधोमध कुणीतरी शाई शिंपडल्यासारखे काही ठिपके दिसतील. ती हवाई बेटं. १९५९ पासून हे अमेरिकेचं पन्नासावं राज्य आहे, पण अमेरिकेचा किनारा तिथून जवळजवळ चार हजार किलोमीटर लांब! मोठी बेटं आठ. त्यांतल्या ओआहू बेटावर राजधानीचं शहर होनोलुलू आहे आणि त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आज आपल्याला जायचंय त्या गावाचं नाव आहे हालेइवा.

वस्ती किती म्हणाल, तर पाच हजारांच्या आसपास. आपल्याकडचं एखादं मोठं खेडंच की! पण क्रिकेटवाल्यांना जसं लॉर्ड्स, तसा सर्फिंगवाल्यांना हा किनारा. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचा खेळ म्हणजे सर्फिंग. दर हिवाळ्यात जगभरातले खेळाडू फळ्या काखोटीला मारून इथे येतात. पंढरीची वारीच म्हणा ना!

गंमत म्हणजे हे गाव तसं आपल्याच रांगेत आहे. नंदुरबारपासून पूर्वेला बोट फिरवत नेलंत, तर ते हालेइवाच्या थोडंसं खाली पोचेल. घड्याळ मात्र साडेपंधरा तास मागे. आपण रविवारी सकाळी आठला चहा पीत असतो, तेव्हा हालेइवातल्या मुलांची शनिवारची दुपार चाललेली असते. साडेचार वाजलेले असतात आणि रविवारची अख्खी सुट्टी अजून शिल्लक असते. आहे की नाही चैन?

गावात शिरताना

होनोलुलूहून निघालं की तासाभरात, अननसाच्या लाल मातीच्या शेतांमधून रस्ता उतरायला लागतो आणि समोर समुद्र दिसतो. 'हाले' म्हणजे घर आणि 'इवा' हा लांब पंखांचा एक समुद्रपक्षी. म्हणजे हालेइवा हे इवा पक्ष्याचं घर. हवाईच्या भाषेत अक्षरं किती? फक्त तेरा! पाच स्वर आणि आठ व्यंजनं. आपली बाराखडी पाठ करताना घाम फुटणाऱ्यांनी तिकडेच जन्माला यायला हवं होतं.

पत्ता विचारलात तर तिथे उत्तर-दक्षिण असं फारसं कुणी सांगत नाही. 'मकाई' म्हणजे समुद्राच्या बाजूला, 'मउका' म्हणजे डोंगराच्या बाजूला. आपल्या कोकणात 'वरच्या अंगाला' आणि 'खालच्या अंगाला' म्हणतात ना, अगदी तसंच.

गावात आनाहुलू नदीवर १९२१ मध्ये बांधलेला दोन कमानींचा पांढरा पूल आहे. त्याखालून मुलं लांबट होड्या वल्हवत असतात. या होडीच्या एका बाजूला दोन आडव्या काठ्यांनी एक लाकडी ओंडका बांधलेला असतो. त्यामुळे होडी कलंडत नाही. मालवणकडच्या वाचकांनी लगेच ओळखलं असेल. ही तर उलांडी! हजारो मैलांवरच्या दोन किनाऱ्यांवर माणसांनी तोल सांभाळायची एकच युक्ती वापरली आहे.

पूर्वी इथे उसाचे मळे होते. त्यांत राबायला जपान, चीन, फिलिपिन्स आणि पोर्तुगालहून मजूर आले आणि इथलेच झाले. जवळच्या वायालुआ गावचा साखर कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आज त्याच्या जुन्या शेडमध्ये सर्फिंगच्या फळ्या तयार होतात. जपानी मजुरांनी आणलेली एक चीज मात्र अजून जोरात आहे. बर्फ किसून, त्यावर रंगीबेरंगी सरबत ओतून देतात. म्हणजे आपला बर्फाचा गोळा! मात्सुमोतो यांच्या दुकानात तो १९५१ पासून मिळतो. फक्त काडी नसते. कागदी कोनात, चमच्याने खायचा. आणि हवं तर खाली उकडलेले लाल चवळीसारखे दाणे! नाक मुरडू नका, तिथे रांग लागते.

एवढ्या मोठ्या लाटा येतात कुठून?

हालेइवापासून सनसेट बीचपर्यंतचा किनारा साधारण अकरा किलोमीटरचा. एवढ्याशा पट्ट्यात जगातल्या काही नामांकित लाटा फुटतात. वायमेआ बे, पाइपलाइन, सनसेट ही त्यांतली मोठी नावं. याच किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये गेलात तर पाणी तळ्यासारखं शांत. मुलं तोंडावर काचेचा मुखवटा लावून मासे बघत तरंगत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र तेच पाणी तीन-चार मजली उंच होऊन अंगावर येतं. आपल्याकडे समुद्र पावसाळ्यात खवळतो, त्यांच्याकडे हिवाळ्यात.

असं का? हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये, पार अलास्काच्या बाजूला, मोठी वादळं होतात. तिथला वारा दिवसचे दिवस पाण्याला ढकलत राहतो आणि लाटा तयार होतात. त्या हजारो किलोमीटर प्रवास करत दक्षिणेला येतात. वाटेत त्यांना अडवायला एक बेट नाही, की उथळ समुद्र नाही. हवाई बेटं म्हणजे समुद्राच्या तळापासून सरळ वर आलेले ज्वालामुखीचे डोंगर. त्यामुळे खोल पाण्यातून धावत आलेली लाट एकदम किनाऱ्याजवळच्या उथळ खडकांवर येऊन अडखळते. खालचा भाग मंदावतो, वरचा भाग मात्र पुढेच धावतो आणि लाट डोक्यावरून कोसळते. धावताना ठेच लागली की आपण तोंडावर आपटतो ना, तसंच.

आणखी एक गंमत ऐका. लाट एवढा प्रवास करते, पण पाणी नाही करत! दोरीचं एक टोक दाराला बांधा आणि दुसरं हातात धरून झटका द्या. लाट दारापर्यंत जाते, दोरी मात्र तुमच्या हातातच राहते. समुद्रातही पुढे सरकतो तो जोर.

राजांचा आणि रयतेचा खेळ

हवाईच्या भाषेत सर्फिंगला 'हेए नालू' म्हणतात, म्हणजे लाटेवरून घसरणं. शेकडो वर्षांपूर्वीपासून राजे, राण्या, साधी माणसं, पोरंटोरं सगळीच हा खेळ खेळायची. सरदारांच्या लांबलचक फळ्यांना 'ओलो' म्हणत. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं हवाईला आली. पुढच्याच वर्षी त्याच्या एका अधिकाऱ्याने, जेम्स किंगने, लाटांवर खेळणाऱ्या लोकांचं वर्णन लिहून ठेवलं.

पण त्या जहाजांमागून परके रोगही आले. साथींमध्ये हवाईची माणसं भराभरा मेली. आलेल्या मिशनऱ्यांनाही हा खेळ फारसा रुचला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्फिंग जवळजवळ बंद पडलं होतं. ते पुन्हा उभं करण्यात ड्यूक काहानामोकू यांचा मोठा वाटा आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. पुढे ते जिथे जिथे गेले, तिथे त्यांनी लोकांना फळीवर उभं राहून दाखवलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदाच आलं आणि महिलांचं पहिलं सुवर्णपदक कुणी जिंकलं? होनोलुलूच्याच कॅरिसा मूरने!

एडीची गोष्ट

हालेइवात गाड्यांच्या मागे एक वाक्य दिसतं, 'एडी वुड गो'. म्हणजे 'एडी असता तर गेला असता.' कोण हा एडी?

एडी आयकाऊ १९४६ मध्ये माउई बेटावर जन्मला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो अननसाच्या कारखान्यात काम करू लागला. उरलेला वेळ समुद्रात. १९६८ मध्ये होनोलुलूच्या पालिकेने उत्तर किनाऱ्यावर जीवरक्षक नेमायचं ठरवलं, तेव्हा एडीची निवड झाली. त्या काळी पाण्यावरच्या मोटारसायकली नव्हत्या. पायाला लावायचे रबरी पंख, एक फळी आणि स्वतःचे दंड, एवढीच साधनं. त्याने पाचशेहून जास्त माणसांना बाहेर काढलं असं सांगतात. त्याच्या पहाऱ्यात वायमेआला एकही माणूस बुडाला नाही.

१९७८ च्या मार्चमध्ये 'होकुलेआ' नावाची जोडहोडी होनोलुलूहून ताहितीला निघाली. होकायंत्राशिवाय, नुसत्या ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने, पूर्वजांसारखं चार हजार किलोमीटर जायचं होतं. एडी त्या होडीवर होता. पहिल्याच रात्री वादळी समुद्रात होडी उलटली. सगळे उलट्या होडीला धरून बसले. सकाळी एडी म्हणाला, मी फळीवरून लानाई बेटाकडे जातो आणि मदत आणतो. वीसेक किलोमीटर अंतर होतं. तो गेला. बाकीच्यांची पुढे सुटका झाली, पण एडी पुन्हा कधीच दिसला नाही. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, होकुलेआ पुन्हा निघाली आणि ताहितीला जाऊन परत आली.

त्याच्या नावाने वायमेआला एक स्पर्धा होते, पण दरवर्षी नाही. लाटांची पुढची भिंत साधारण बारा मीटर, म्हणजे चार मजले उंच झाली तरच! खेळाडू हिवाळाभर वाट बघतात. समुद्र म्हणाला नाही, तर नाही. त्यामुळे पहिल्या चाळीस वर्षांत ती फक्त अकरा वेळा झाली. २०२३ मध्ये ती ल्यूक शेपर्डसन यांनी जिंकली. ते कोण होते माहीत आहे? त्याच किनाऱ्यावरचे जीवरक्षक! त्या दिवशीही ते कामावर होते. मधल्या सुट्टीत लाटेवर जायचे आणि परत येऊन पहारा करायचे.

शूर कुणाला म्हणायचं?

हे वाचून तुमच्यातल्या काही वाघांच्या अंगात वारं शिरलं असेल. थांबा! त्याच किनाऱ्यावर दुसरंही एक वाक्य ऐकू येतं, 'शंका आली तर उतरू नका.' दोन्ही वाक्यं खरी आहेत, बरं का. एडी गेला तो कुणी 'घाबरलास का?' म्हणून डिवचलं म्हणून नव्हे. त्याला तो समुद्र हाताच्या रेषांसारखा ठाऊक होता आणि माणसांचे जीव धोक्यात होते, म्हणून तो गेला. इतर दिवशी मोठ्या लाटा असल्या की तो काठावर उभा राहून लोकांना मागे फिरवायचा. बहुतेक जीव असेच वाचतात, माणूस पाण्यात उतरायच्या आधी.

आपल्याला हे कशाला हवं? आपल्याकडे कुठे चार मजली लाटा आहेत? पण १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हतं. हवाईला भरती-ओहोटीत पाणी जेमतेम अर्धा-पाऊण मीटर वर-खाली होतं, मुंबईला उधाणाच्या दिवशी ते चार-पाच मीटर होतं. एवढं पाणी परत फिरताना काय ओढ असेल, विचार करा.

म्हणून हालेइवाची मुलं शिकतात त्यातल्या चार गोष्टी आपणही लिहून ठेवू या. आईबाबांनीही वाचाव्यात.

पहिली. पाण्याशी आलात की लगेच उतरू नका. पंधरा मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा पाच-सहाच्या गटाने येतात, मध्ये शांतता असते. ती शांतता फसवी असते.

दुसरी. फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या मध्ये एखादा गडद, गुळगुळीत पट्टा दिसला, तर तिथून किनाऱ्यावरचं पाणी आत परत जात असतं. नवख्यांना तीच जागा सुरक्षित वाटते. तिथे मुळीच जाऊ नका.

तिसरी. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहत दमू नका. ओढ माणसाला खाली नेत नाही, आत नेते. तरंगत राहा, हात वर करा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. ओढीतून बाहेर पडल्यावर मग किनाऱ्याकडे वळा.

चौथी. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. फोटोसाठीसुद्धा नाही. आणि कुणी बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारू नका. ओरडा, जीवरक्षकाला किंवा कोळीदादांना बोलवा, दोरी, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेका.

हे सगळं शिकून मग फळीवर उभं राहायचं असेल, तर हवाईलाच जायला नको. कर्नाटकात मुळकीला, तमिळनाडूत कोवलमला सर्फिंग शिकवतात. तिथेही पहिला धडा वाळूवरच असतो.

आता एक काम. पुढच्या वेळी अलिबाग, गुहागर, वेंगुर्ला, कुठेही गेलात, की घड्याळ लावून पंधरा मिनिटं समुद्राकडे बघा. एका मिनिटात किती लाटा आल्या? सर्वांत मोठी कितवी होती? गडद पट्टा दिसला का? आणि तिथल्या कोळ्यांना विचारा, 'काका, इथे ओढ कुठे असते?' ते जे सांगतील ते वहीत उतरवा आणि आम्हाला पत्राने जरूर कळवा.