ओगराळं

आमच्या वस्तीत पिण्याचा पाइप गटारातनंच येतो. नळ गेला की रिकामा पाइप फुटक्या जोडातनं गटार आत ओढतो. नळ आला की पहिली घागर त्याचीच. पावसाळ्यात धाकटीला हगवण लागली. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा छोटे सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दोन रात्री घोट घोट पाजत बसलो. वाचली.

तेव्हापासनं पहिली घागर संडासात ओततो, पिण्याचं उकळतो. माठासाठी लांब दांड्याचं ओगराळं आणलं. आईला म्हटलं, "पाण्यात हात घालायचा नाही."

आई पेटलीच. "हेच गावात पाटलीण म्हणायची. ती वरनं ओतायची, आम्ही ओंजळ धरायची. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्यात हात घातला तो कशापायी? आता पोटचा लेकच सांगतोय!"

मित्रांनो, मीटिंगमध्ये जंतूंवर तासभर बोलणारा मी. तोंड शिवल्यागत झालं. जंतू हाताला असतात, जातीला नसतात, एवढं सांगायला आठवडा गेला. शेवटी म्हणाली, "बरं. पण कुणी कुणाला वरनं ओतायचं नाही. ज्याचं त्यानं बुडवून घ्यायचं."

ओगराळं तिनंच माठाशेजारी खिळ्याला अडकवलं. पाइप गटाराबाहेर काढा म्हणून अर्ज केलाय, पहिला अंगठा तिचा. तोवर उकळायला गॅस आमचाच जळतोय.